मी निघाले की झोपणारा डबा

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. जेवणाची सुट्टी संपायला पंचवीस मिनिटं आहेत, पोळीभाजी समोर तशीच पडलीये आणि मी टाइप करत बसलेय. कारण काकांनी फोनवर एक फोटो पाठवलाय आणि तो बघितल्यापासून मला राहवतच नाहीये. फोटोचं शेवटी सांगते. आधी पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला त्यात काही दिसणारच नाही. एक बाळ दिसेल फक्त.

तर मी कुंभिवलीला एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघते. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. औषधाच्या, तेलाच्या, पाण्याच्या, सगळ्या बाटल्यांची. झाकण म्हणजे साचा, साचा म्हणजे ड्रॉइंग, आणि ड्रॉइंग म्हणजे आमचे काका. काका खालापूरच्या अलीकडच्या गावचे, घरी भातशेती, आणि कारखान्यात पहिल्यापासून तेच ड्रॉइंग काढतात. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, मालकसुद्धा.

काकांची एक गोष्ट माहीत असायला हवी. खूप वर्षांपूर्वी कारखाना नदीच्या कडेला होता. एका पावसाळ्यात आत पाणी शिरलं आणि त्यांची कागदावरची सगळी ड्रॉइंगं गेली. गेली म्हणजे लगदा झाला. काकांनी मग एकेक साचा पुढ्यात घेऊन, मापं घेऊन, सगळी परत काढली. दोन वर्षं लागली. ही गोष्ट ते स्वतः सांगत नाहीत, बाकीचे सांगतात. काका फक्त एवढंच म्हणतात, "एका छपराखाली ठेवलेली दोन कागदं म्हंजे एकच कागद."

आता ती सगळी ड्रॉइंगं एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि ते सॉफ्टवेअर एका जुन्या विंडोजवरच चालतं. ज्यांनी बनवलं ते दुकान कधीच बंद झालं. म्हणून ते अख्खं जुनं कॉम्प्युटर आम्ही व्हर्च्युअल मशीन करून ठेवलंय. म्हणजे कसं, आमचा एक मोठा खरा सर्व्हर आहे, त्याच्या पोटात तीन खोटे कॉम्प्युटर राहतात आणि तिघांनाही वाटतं आपण खरे आहोत. त्यातला एक काकांचा. तो तसाच्या तसा, अख्खा, दुसऱ्या जागी उचलून ठेवायचा, की झाला बॅकअप. इकडचा मेला तर तिकडचा उठवायचा.

दुसरी जागा म्हणजे कर्जत. मालकांच्या मोठ्या बहीण तिथे राहतात, पहिल्या मजल्यावर, पाणी वगैरे चढायचा प्रश्नच नाही. गणपतीनंतर मी त्यांच्याकडे एक स्टोरेजचा डबा बसवला. चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा, आत दोन मोठ्या डिस्क, मागे नेटची वायर. रोज जेवढं नवीन झालं असेल तेवढं कुंभिवलीहून आपोआप तिकडे जायचं, आणि आठवड्यातून एकदा अख्खं मशीन.

आणि या बहीण म्हणजे कोण, तर मला आठवी ते दहावी गणित शिकवलेल्या बाई. अर्ध्या कर्जतला त्यांनी गणित शिकवलंय. रिटायर झाल्या तरी त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप सरळ होते. डबा बसवला तेव्हा मी त्यांना भलत्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं, "बाई, या डब्याची नोंदणी तुमच्या ईमेलवर करते हं. आणि हल्ली फसवणूक फार होते, तर अनोळखी कुणाचा मेल आला की उघडायचाच नाही."

"नाही उघडणार," बाई म्हणाल्या.

हे लक्षात ठेवा.

दसऱ्यापर्यंत सगळं छान चाललं. काका रोज सकाळी आले की आधी माझ्या टेबलापाशी यायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर कालच्या तारखेला पेनने बरोबरची खूण करायचे आणि मगच आपल्या जागेवर जायचे. मी त्यांना सांगितलं होतं, काका, हे स्क्रीनवर दिसतं. ते म्हणाले, "स्क्रीनवर तुला दिसतं. मला कॅलेंडरवर दिसतं."

मग दसऱ्यानंतर अख्ख्या मशीनचा बॅकअप फेल. पुढच्या आठवड्यात परत फेल. तो पूर्ण झाल्याशिवाय रोजचे छोटे बॅकअपही पुढे जाईनात. कॅलेंडरवर फुल्या सुरू झाल्या.

याच वेळेला नागपूरला काकांच्या मुलीला मुलगी झाली. काकांची पहिली नात. मंगळवारी बारसं, रविवारी संध्याकाळी कल्याणहून गाडी, दोघांचं रिझर्वेशन, दहा दिवसांची रजा. काकांनी एवढी मोठी रजा कधी घेतलेली कुणालाच आठवत नव्हती. आणि निघायच्या सहा दिवस आधी, सोमवारी सकाळी काका कॅलेंडरसमोर उभे राहिले, फुल्या मोजल्या आणि शांतपणे म्हणाले, "हे सुधरल्याबिगर मी नाय जात."

"काका, मी पोर्टेबल डिस्कवर सगळं उतरवलंय. अख्खं मशीन."

"कुठं ठेवलीस?"

"कपाटात."

"कुठल्या?"

मी बोट दाखवलं. सर्व्हरच्या शेजारचंच कपाट. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बोट खाली घेतलं.

"घरी नेते मी ती. रोज सॅकमधून."

"आन उद्या पोरं साच्यात बदल करतील, ते? परवाचं? मी दहा दिस नसताना रोज रात्री तू सॅक घेऊन फिरणार हाईस काय?"

बरोबरच होतं ना. त्यांना नुसती एक कॉपी नको होती. ते नसतानाही हे आपलं आपण रोज होत राहील, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यात सर्व्हरच्या एका डिस्कवर पिवळा दिवा लागला होता, म्हणजे ती म्हातारी झालीये. नवी पुण्याहून यायची होती. काका येता-जाता त्या पिवळ्या दिव्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे.

तर सोमवारपासून मी कामाला लागले. नेहमी हा बॅकअप रात्री चालायचा, पण मला तो फेल होताना बघायचा होता, म्हणून मी दिवसा सुरू केला. सकाळी दहाला. पूर्ण व्हायला चार तास लागतात. साडेअकराच्या सुमारास एकदम थांबला, स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं की समोरचं स्टोरेज सापडत नाही.

बाकी सगळं मी सुरू करायच्या आधीच तपासलं होतं. पासवर्ड बदललाय का बघितलं, नव्हता. डब्यात जागा आहे का, भरपूर. एक छोटी फाइल पाठवून बघितली, दोन सेकंदांत गेली. एक मोठी पाठवली, पाच मिनिटांत गेली. म्हणजे वाट मोकळी होती. तरी अख्ख्या मशीनचा बॅकअप मेला. आणि मेला की परत पहिल्यापासून, जिथं सोडलं तिथून पुढे वगैरे काही नाही.

बाईंना फोन केला. "बाई, तो डबा चालू आहे का बघता?"

पावलांचा आवाज. "दिवा नाही गं लागलेला. झोपलाय बहुतेक. मधूनमधून झोपतो, मग मी उठवते. उठवू?"

"बटण दाबा."

"दाबलं. उठला."

परत अख्खं मशीन सुरू केलं, परत दीड तासाने मेला, बाईंनी परत बटण दाबलं. आहाहा, मला वाटलं सापडलं. कर्जतला लाईट जाते-येते, डबा बंद पडतो, एवढंच. इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे, पण असेल बिघडला. मंगळवारी सकाळी मी आधी बाईंना फोन केला, कारण बाईंकडे फोन न करता गेलेलं चालत नाही, शाळेपासूनचा नियम आहे. मग स्कूटी काढली आणि चौक फाट्यावरून आत वळून कर्जतला गेले.

दार उघडून बाई म्हणाल्या, "ये. चप्पल बाहेर. हात धू."

डबा आपला टेबलावर मस्त चालू. हिरवे दिवे लुकलुकतायत. इन्व्हर्टर तपासला, ठणठणीत. मेन स्विच बंद करून बघितला, डब्याला कळलंसुद्धा नाही. मी तिथूनच लॅपटॉपवर बॅकअप सुरू केला आणि बसले. बाईंनी पोहे दिले, मग चहा, मग घावन. मधल्या वेळात दहावीतला माझा एक भूमितीचा पेपर त्यांना अजून आठवत होता, त्याबद्दल नको तेवढं बोलणं झालं. दीड तास झाला, पुढे गेला. दोन तास झाले, निम्म्याच्या पुढे गेला. अडीच तासांनी पासष्ट टक्के. आता तो थांबत नाही म्हणून मी वायर घट्ट बसवली, एवढंच काहीतरी सैल असेल असं स्वतःला समजावलं, आणि निघाले. कारखान्यात पोचून काकांना म्हणाले, झालं काका, बॅग भरा.

नव्वद टक्क्यांवर मेला.

काका स्क्रीनकडे बघत होते. मी काकांकडे बघत नव्हते.

बुधवारी परत. नवी वायर घेऊन गेले, फोन करून गेले, बसले, पोहे खाल्ले, तो चालला. निघाले, तासाभरात मेला. आता मला थोडंसं रडायला यायला लागलं. तुम्ही बिघाड शोधायला जाता आणि तुमच्यासमोर बिघाड होतच नाही, यासारखं दुसरं दुखणं नाही. डॉक्टरकडे गेलं की खोकला थांबतो ना, तसं.

कारखान्यात तर चेष्टेला ऊत. मशीनवरची एक ताई म्हणाली, "तुझी आठवण काढतो गं तो. तू निघालीस की तोंड फिरवून झोपतो."

काका म्हणाले, "तू बाईंकडंच नोकरी धर. जेवणाचा बी प्रश्न सुटंल."

हसत होते, पण कॅलेंडरवर फुली त्यांनी केलीच.

गुरुवारी मी कुठेच गेले नाही. सगळे लॉग काढून बसले. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, काय झालं, किती वाजता झालं. शेकडो ओळी वाचल्या. सगळ्यांत एकच रडगाणं, समोरचा गेला, समोरचा गेला. आता तुम्ही म्हणाल, मग समोरच्याची रोजनिशी वाच ना. हो ना. ती वाचायला डब्याचा मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो मी बसवला त्या दिवशी बाईंच्या डायरीत लिहून ठेवला होता, आणि दोनदा तिथे जाऊन पोहे खाताना मला तो बघायचं सुचलं नाही. पासवर्ड फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हेही बाईंना मीच बजावलं होतं. कारण माझ्यासमोर डबा इतका गुणी वागत होता, की त्याच्यावर संशयच आला नाही. मी नेटवाल्याला शिव्या देत होते. त्या बिचाऱ्याने दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा त्याने माझा फोन उचलला नाही.

दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईमाणसाचा आवाज. "तूच ना गं ती कम्पुटरवाली? मी काकू बोलतेय. तुज्या काकांची."

"हां, बोला ना काकू."

"बाळाचं समदं शिवून झालंय, लाडू झालेत, बॅग भरलीय. आन हे म्हंतात तू जा एकटी. मी एकटी जाऊन व्याह्यांना काय सांगू, आजोबा डब्याची वाट बघत बसलेत म्हनून?"

मी समोरचे लॉग बंद केले.

"तुला येत नसंल तर तसं सांग," काकू म्हणाल्या. रागाने नाही, अगदी सरळ. "मी त्यांना सांगते पोरीला येत नाय, तुमी चला. पन येत असंल तर उरक बाई."

हे लागलं मला. येत नसेल तर सांग. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी ठरवलं, आज पूर्ण चार तास बाईंकडे मुक्काम, झाला की मगच उठायचं. निदान एकदा तरी पूर्ण होईल, काकांच्या हातापाया पडून त्यांना गाडीत बसवू, पुढचं पुढे. सकाळी बाईंना फोन लावला, तर एंगेज. परत लावला, एंगेज. नऊ वाजले होते, मी आदल्या संध्याकाळीच बॅकअप नऊला सुरू होईल असं लावून ठेवलं होतं, तो सुरूही झाला होता. म्हटलं जाऊ दे, पोचून सॉरी म्हणू. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंकडे न सांगता गेले.

दार उघडंच होतं. बाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या, गळ्यात टेप, कानाखांद्यात फोन धरून कुणाला तरी झापत होत्या. मला बघून फोन ठेवला.

"फोन नाही केलास."

"एंगेज होता बाई. सॉरी."

"बस. हात धू."

मी टेबलाकडे बघितलं, तर डबा नाही.

म्हणजे होता. डब्याच्या जागी एक गुबगुबीत, फुलाफुलांची, चौकोनी उशी बसली होती. कडेला निळी किनार. वर मधोमध शिवलेलं एक छोटं कमळ. मागच्या बाजूला वायरीसाठी काजं केल्यासारखं नीट टाचलेलं भोक, आणि पुढे बटणासाठी एक छोटी झडप, तिला टिचबटण.

मी पुढे गेले आणि हात लावला. गरम. तव्यावरून नुकतीच काढलेली भाकरी धरावी तशी.

"बाई, हे काय आहे?"

"कव्हर," बाई म्हणाल्या. हा काय प्रश्न आहे, अशा आवाजात.

आणि मग मी त्या घरात पहिल्यांदा नीट बघितलं. मिक्सरला कव्हर. टीव्हीला कव्हर. इन्व्हर्टरला कव्हर, मी तपासायला गेले तेव्हा ते शेजारी घडी करून ठेवलेलं मी बघितलंही होतं. रिमोटला प्लास्टिकची पिशवी. गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा. शिवणयंत्राचं स्वतःचं कव्हर खुर्चीवर. समोरच्या रस्त्याचं काम चाललंय, धूळ आत येते, म्हणून दसऱ्याला पूजेसाठी सगळं पुसताना बाईंच्या लक्षात आलं की घरात एकट्या डब्यालाच काही घातलेलं नाही.

"भावाने सांगितलंय, यात त्या काकांचं आयुष्यभराचं काम आहे, जपून ठेव," बाई म्हणाल्या. "म्हणून साधं नाही शिवलं. माझ्या दोन सुती साड्या आहेत त्यात, मऊ झालेल्या. मध्ये कापूस भरलाय. पडला तरी लागणार नाही त्याला."

"बाई, मी मंगळवारी आले तेव्हा हे नव्हतं."

"पाहुणा यायचा म्हटल्यावर कव्हर घालून ठेवायचं का? तू फोन केलास की काढते. गेलीस की घालते."

मी खाली बसले. जमिनीवरच. आणि हसायला लागले. बाई बघत राहिल्या. वर्गात असं हसले असते तर बाहेर काढलं असतं मला.

सगळं एका क्षणात जुळलं. त्या डब्यात दोन डिस्क गरागरा फिरतात. छोटी फाइल आली तर दोन सेकंदांचं काम, काही होत नाही. पण अख्खं मशीन आलं की चार तास पळायचं. आमच्या सर्व्हरला तर आम्ही एसी लावलाय, काका नेहमी कुरकुरतात की कॉम्प्युटरला एसी आणि माणसाला पंखा. आणि इकडे या बिचाऱ्याला कापूस भरलेल्या दुहेरी साडीत गुंडाळून, ऑक्टोबरच्या उन्हात पळायला लावलं होतं. दीड तासात जीव घाबरा होऊन तो स्वतःला बंद करून घ्यायचा. तसं करायचंच असतं त्याने, त्यात तो शहाणाच. मी फोन करायचे, बाई झडप उघडून बटण दाबायच्या, झडप लावायच्या. मी जाणार म्हटलं की कव्हर उतरायचं, डबा गार व्हायचा, मी पोहे खायचे.

"पण बाई, तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत कव्हरबद्दल."

"मिक्सर बिघडला तर दुरुस्तीवाल्याला आपण कव्हरचं सांगतो का?"

नाही सांगत. बरोबर आहे.

"आणि तो तापला की मेल पाठवतो," मी म्हणाले. म्हणताना एकदम आठवलं. "बाई, तुम्हाला काही मेल आले का? इंग्रजीत, तापमान वाढलंय वगैरे?"

बाईंनी चष्मा लावला, फोन उघडला आणि माझ्यासमोर धरला. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळे न उघडलेले. डब्याने दसऱ्यापासून प्रत्येक वेळी बेशुद्ध पडायच्या आधी हाक मारली होती.

"अनोळखी मेल उघडायचा नाही," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं होतं?"

माझी पाठ आपोआप सरळ झाली.

कव्हर काढलं. डबा टेबलावरून खिडकीपाशी, चारही बाजूंनी मोकळा ठेवला. तेव्हा छत्तीस टक्के झाले होते. अजून पाच-दहा मिनिटं उशीर झाला असता तर मेलाच असता. बाईंना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. कव्हर मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस त्या काकांचं काम मीच अडवत होते."

"नाही हो बाई. मी मेलचं शहाणपण शिकवलं नसतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"ते आहेच," बाई म्हणाल्या. लगेच. मग जरा हसल्या.

त्यांना मी काकांचं सगळं सांगितलं, लगद्याचं, कॅलेंडरचं, नातीचं, काकूंच्या फोनचं. बाई ऐकत होत्या. मग उठल्या, यंत्रावर बसल्या, उसवणी घेतली आणि कव्हरची शिवण उसवायला लागल्या. मी म्हटलं राहू द्या, छान आहे ते, दुसऱ्या कशाला तरी होईल. त्या उसवतच राहिल्या.

मी एकच्या आधीच निघाले. मुद्दाम. बॅकअप पंच्याऐंशी टक्क्यांवर होता आणि मला तो माझ्याशिवाय पूर्ण व्हायला हवा होता. निघताना बाईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सॅकमध्ये टाकलं. "काकूंना दे. बघत बसू नकोस, सरळ दे."

कारखान्यात पोचले तर काका माझ्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीवर. स्क्रीनवर हिरवी खूण.

"झालाय," काका म्हणाले. "तू नसताना."

मी कव्हरचं सांगितलं. काका ऐकत गेले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "गोधडी घालून पळवत व्हते होय त्याला. आरं रामा."

पण ते उठले नाहीत. "उघडून दाखव."

"काय?"

"कर्जतचं. तिकडनं एक ड्रॉइंग काढून दाखव मला. नुसती हिरवी खूण मला नको."

तर मी कर्जतच्या कॉपीवरून त्यांचं अख्खं मशीन वेगळं उठवलं. पुरं व्हायला वेळ लागला, काका हलले नाहीत. उठल्यावर त्यांनी सांगितलं ते ड्रॉइंग उघडलं. एका छोट्या बाटलीचं जुनं झाकण, आता ते कुणी बनवतही नाही. पुरानंतर त्यांनी सगळ्यात आधी परत काढलेलं तेच. काका स्क्रीनजवळ गेले, झाकणाचे आटे बोटाने एकेक करत बघितले, एक माप वाचलं, ओठांतल्या ओठांत परत वाचलं.

"बरं," म्हणाले. उठून कॅलेंडरपाशी गेले. शुक्रवारच्या तारखेवर बरोबरची खूण केली. मग पेन माझ्या हातात दिलं. "दहा दिस तू कर."

शनिवारी छोटा बॅकअप आपोआप झाला. रविवारी झाला. रविवारी संध्याकाळी काकू आणि काका गाडीत बसले.

आणि हा आत्ताचा फोटो. बारशाचा. पाळण्यात बाळ आहे, लाल टोपडं, हे एवढे गाल. आणि बाळाच्या अंगाखाली फुलाफुलांचं मऊ दुपटं, निळ्या किनारीचं, मधोमध छोटं कमळ. बाईंनी सगळं उसवून, सरळ करून, नवी कड लावली. फक्त कोपऱ्यातलं ते वायरीचं भोक तसंच ठेवलंय, इतकं सुबक टाचलेलं की काढायला मन झालं नसेल. बाळाने त्याच भोकात बोट घातलंय आणि सोडत नाहीये, असं काकांनी खाली लिहिलंय. त्याखाली लिहिलंय, काल झाला का.

झाला काका. खूण केलीये.

डबा आता बाईंकडे खिडकीपाशी उघडा बसतो. धुळीचं काय, तर बाई रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसतात आणि मला मेसेज करतात, पुसला. मेल आता माझ्याकडे येतात. मी पोहे मिस करतेय हे खरं आहे, पण शनिवारी जाणारच आहे, फोन करून.

सुट्टी संपली, पोळी तशीच राहिली. पण मला एक सांगा ना. तुमच्या घरी आहे का असं कुणी, ज्यांनी मायेने कशाला तरी कव्हर घातलं आणि ते यंत्र त्या मायेनेच गुदमरलं? आणि तुम्ही दुरुस्तीला गेलात की ते मुकाट्याने चालायचं, असं झालंय का कुणाचं, की हे फक्त माझ्याच नशिबी?